बायकांच्या गावातले बारा दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. या व्यासपीठाशी आजवर माझा संबंध आला तो सतरंज्या घालण्यापुरता आणि चहाचे कप उचलण्यापुरता. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही परदेशात जाऊन बारा दिवस नुसत्या बसून आलात म्हणे, ते कसे जमले तेवढे सांगा." तेव्हा मला वाटले, की खरेच, हे सांगण्यासारखे आहे. विमाने, उंच इमारती, बर्फाचे डोंगर यांची वर्णने आपण पुष्कळ ऐकली. बाईमाणूस नुसते बसले, असे वर्णन मात्र मी तरी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. म्हणून धीर करून उभी राहिले आहे. चुकले-माकले सांभाळून घ्या.

आधी जाणे कसे घडले ते थोडक्यात सांगते. २०२२ साली माझी गर्भपिशवीची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीणबाईंनी सहा आठवडे विश्रांती सांगितली होती. आता विश्रांती म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. घरात कोणी मला 'ऊठ' म्हणाले नाही. उलट आमच्या यांनी चहा करून दिला, सासूबाईंनी खाटेजवळ ताट आणून दिले. पण दूधवाला हाक मारतो ती आपल्यालाच, गॅसचा सिलिंडर संपतो तो आपल्यालाच कळतो, आणि डबा कुठल्या फडताळात आहे तेही आपल्यालाच ठाऊक असते. पंधरवडा झाला आणि मी पुन्हा ओट्यापाशी उभी. अशी मी एकटी नाही. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणींचे असेच झालेले आहे.

माझी थोरली लेक लग्न होऊन इटलीत जिनोव्हा शहरी गेली. जावई जहाजांची तपासणी करणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर आहेत. लेकीने फोनवर माझा आवाज ओळखला आणि हट्टच धरला. २०२३ च्या जूनमध्ये तिने मला बोलावून घेतले. खर्च त्या दोघांनी केला, तेव्हा तो प्रश्न कोणी विचारू नये.

निघताना सासूबाई दारापर्यंत आल्या. माझे सासरे परदेशी बोटींवर खलाशी होते. आपल्या रत्नागिरीकडची कितीतरी माणसे अशी बोटीवर गेली. सासूबाईंना वाचता येत नाही, पण पोर्ट सैद, जिनोव्हा, नेपल्स ही नावे त्यांना आपल्या वाडीच्या नावांसारखी पाठ आहेत. त्या मला म्हणाल्या, "जिनोवाला जातेस तर बघून ये गो, ते बंदर कसं आहे ते. मी नुसतं नावच ऐकलंय." हे त्यांचे काम घेऊन मी निघाले.

जिनोव्हाचे बंदर मी पहिल्याच दिवशी पाहिले. फार मोठे बंदर. त्याच्या तोंडाशी एक दीपस्तंभ आहे, त्याला ते लोक लांतेर्ना म्हणतात. आजचा हा मनोरा १५४३ साली बांधलेला असून त्याची उंची ७७ मीटर आहे. आमच्या सासऱ्यांनी तो बोटीवरून नक्की पाहिला असणार, असे मनात येऊन मी बराच वेळ तिथे उभी राहिले. पण शहर ते शहर. मोटारी, गडबड, जिने. लेकीने विश्रांतीसाठी ठरवले होते ते जवळचे एक लहानसे मच्छीमारांचे गाव. तिथेच मी बारा दिवस राहिले आणि त्याचीच हकिकत मला सांगायची आहे.

या गावाचे नाव कामोल्यी. जिनोव्हाहून पूर्वेकडे समुद्राच्या काठाकाठाने आगगाडी जाते. बोगदा, मग समुद्र, पुन्हा बोगदा, पुन्हा समुद्र, असे करीत पाऊण तासाच्या आत गाडी तिथे पोचते. आपल्या कोकण रेल्वेचीच मला आठवण झाली. वस्ती सुमारे पाच हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी. मागे डोंगर, पुढे भूमध्य समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत घरे दाटीने उभी. जागाच नाही म्हणून घरे उंच चढवलेली. खालच्या किनाऱ्यावरून पाहिले तर सहा-सात मजले, आणि वरच्या रस्त्यावरून त्याच घरात शिरले तर थेट मधल्या मजल्यावर.

घरांना रंग तऱ्हेतऱ्हेचे. गेरूचा, पिवळा, गुलाबी, फिकट हिरवा. तिथले लोक सांगतात, की समुद्रावरून परतणाऱ्या माणसाला आपले घर दुरून ओळखता यावे म्हणून हे रंग. आणि मौज अशी, की भिंतींवर पुष्कळशा खिडक्या नुसत्या रंगाने काढलेल्या आहेत. झडपा, नक्षी, सावली, सगळे हुबेहूब. कुठली खिडकी खरी आणि कुठली चितारलेली हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही. समुद्रात पुढे आलेल्या खडकावर त्यांचे देऊळ आहे, आणि त्याला लागूनच द्रागोनारा नावाची जुनी गढी. पूर्वी समुद्रावरून येणाऱ्या चाच्यांवर नजर ठेवायला अशा गढ्या बांधीत. देवळाच्या पलीकडे होड्यांचे लहान बंदर, आणि तिथे जाळी वाळत पडलेली. तो वास आला तेव्हा मला परक्या मुलखात असल्यासारखे वाटेना.

आता नावाची गंमत ऐका. त्यांच्या भाषेत 'मोल्यी' म्हणजे बायका, आणि 'का' हे घर या शब्दाचे आखूड रूप. तेव्हा कामोल्यी म्हणजे बायकांची घरे, असे तिथले लोक सांगतात. पंडितांची मते निराळी आहेत, ती त्यांच्यापाशी असोत. पण हे नाव लोकांना पटले याचे कारण उघड आहे. या गावची पुरुषमाणसे पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर. एकोणिसाव्या शतकात या एवढ्याशा गावाची शेकडो शिडाची जहाजे होती, आणि त्याला 'हजार पांढऱ्या शिडांचे गाव' म्हणत. जहाजे गेली की गावात उरत त्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे. घर, देणेघेणे, आजारपणे, लग्नकार्ये, सगळे बायकांनी निभावायचे.

हे ऐकल्यावर मी लेकीला म्हटले, "अगं, मग आपल्या कोकणातल्या अर्ध्या गावांना हेच नाव द्यायला हवे." पुरुष मुंबईला नाहीतर बोटीवर, आणि इकडे बायका मनीऑर्डरीची वाट बघत शेत, गोठा, सासूसासरे आणि मुले सांभाळताहेत. आपल्याकडे हे सगळे होते, फक्त गावाला तसे नाव कोणी दिले नाही.

आम्ही ज्यांच्या घरात दोन खोल्या घेतल्या होत्या त्या घरमालकीण बाई सत्तरी ओलांडलेल्या. त्यांचे यजमानही जहाजावर होते, आता नाहीत. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची. लेक मध्ये बसून सांगायची, आणि लेक नसली की आम्ही दोघी हातवाऱ्यांनी बोलायचो. त्या म्हणाल्या, "मुलाला पहिला दात आला ते मी पत्रात कळवले. उत्तर आले तेव्हा मुलगा चालत होता." मी म्हटले, आमच्या सासूबाईही असेच सांगतात. थोरला मुलगा तीन वर्षांचा झाला तेव्हा बाप घरी आला, आणि मुलगा रडत आत येऊन म्हणाला, पाहुणा आलाय. हे लेकीने त्यांना समजावून सांगितले तेव्हा त्या बाईंनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तर या बायकांच्या गावात माझा दिवस कसा जाई ते सांगते.

सकाळी भट्टीच्या वासाने जाग यायची. तिथे फोकाच्या नावाची रोटी असते. पसरट, बोटभर जाड, वरून ऑलिव्हचे तेल आणि जाडे मीठ. ती घरी करीत नाहीत. गल्लीतल्या भट्टीवर जायचे आणि हवा तेवढा तुकडा कापून कागदात घेऊन यायचे. हे मला फार विचार करण्यासारखे वाटले. आपल्याकडे दोन वेळा भाकरी थापायची ती घरच्या बाईने, आणि शिळी चालत नाही. तिथे गावाची भट्टी सगळ्या घरांची भाकरी भाजते, आणि त्याने कोणाच्या संसाराला उणेपणा येत नाही.

न्याहारी झाली की लेक मला समुद्रावर नेऊन बसवायची. वाळू नाही, गुळगुळीत गोटे आहेत. पहिले दोन दिवस बसणे मला जमेना. हात शिवशिवत. पिशवीत काही विणकाम आणले असते तर बरे, असे वाटे. शेजारी तिथल्या म्हाताऱ्या बायका बसलेल्या असत. कोणी साठीची, कोणी ऐंशीची. पोहण्याच्या कपड्यांत, अंगावरच्या सुरकुत्यांची काही लाज नाही. पाण्यात जायच्या, पोहून यायच्या, पुन्हा बसायच्या. त्यांच्यापाशी काहीही काम नसे, आणि काम नसल्याची खंतही नसे. तिसऱ्या दिवशी माझेही हात शांत झाले.

त्या समुद्राची एक गोष्ट तुम्हाला नवल वाटेल. त्याला आपल्यासारखी भरती-ओहोटी नाही. म्हणजे आहे, पण वीतभर. आपल्याकडे ओहोटीला खडक उघडे पडतात आणि भरतीला पाणी बांधावर चढते. तिथे सकाळी जिथे पाणी, तिथेच संध्याकाळी. जावयांनी सांगितले, की हा समुद्र चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला, महासागराशी जोडणारे तोंड अगदी अरुंद, त्यामुळे मोठी भरती आत येत नाही. ऊन फार आणि नद्यांचे पाणी कमी, म्हणून तो अधिक खारटही आहे. खारट पाणी माणसाला वर उचलते. लेकीने मला सलवार-कमीज घालूनच पाण्यात नेले, पाठीखाली हात धरला आणि म्हणाली, "आई, अंग सैल सोड." मी सोडले. तिने हात काढला तरी मी तरंगत राहिले. समुद्रकाठी जन्म गेला माझा, पण समुद्राने मला असे उचलून धरलेले मी पहिल्यांदाच अनुभवले.

दुपारी साडेबाराच्या सुमारास दुकानांची दारे बंद होतात ती साडेतीन-चारपर्यंत उघडत नाहीत. गिऱ्हाईक दारात उभे असले तरी नाही. सगळे गाव जेवते आणि पडते. खानावळी तेवढ्या चालू. संध्याकाळी सगळी मंडळी स्वच्छ कपडे घालून किनाऱ्याच्या रस्त्यावरून इकडून तिकडे फिरतात. कुठे जायचे नसते, काही आणायचे नसते. भेटेल त्याच्याशी बोलायचे आणि दिवे लागले की घरी. या फिरण्यालाही त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, पास्सेज्याता.

खाण्याचे विचाराल तर मी मासे खाणारी असल्यामुळे माझे चांगले चालले. तिथे अच्चूगा नावाची लहान मासळी आहे, आपल्या मांदेलीच्याच कुळातली. ती तळतात, लिंबाच्या रसात मुरवतात आणि वर्षासाठी खारवूनही ठेवतात. डोके आणि आतडी काढायची, बरणीत एक थर मासळीचा, एक थर मिठाचा, असे भरायचे, वर पाटीच्या दगडाची चकती ठेवायची आणि तिच्यावर वजन. दीड-दोन महिन्यांत मुरते. आपण पावसाळ्यासाठी सुकी मासळी भरून ठेवतो, तसेच.

घरमालकीण बाईंनी मला पेस्तो दाखवला. ही त्या मुलखाची चटणी. ज्या झाडाचे बी आपण सब्जा म्हणून सरबतात घालतो, त्याच जातीची कोवळी पाने, लसूण, चिलगोज्यासारख्या बिया, जाडे मीठ, किसलेले जुने चीज आणि ऑलिव्हचे तेल. संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने वाटायचे. मी बरोबर आमसुले नेली होती, त्यांचे सार एकदा करून त्यांना प्यायला दिले. तेवढाच एक दिवस मी चुलीपाशी गेले, तोही हौसेने.

आता जाळ्याची गोष्ट. हे ऐकून आपल्या दर्यावर्दी घरातल्या बायकांना बरे वाटेल. कामोल्यीच्या मच्छीमारांचे एक फार जुने जाळे आहे, तोन्नारेल्ला. सतराव्या शतकापासूनच्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख सापडतो. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत ते गावाजवळच्या भूशिरापाशी समुद्रात एका जागी बांधून ठेवतात. काठाकाठाने जाणारे मासे त्यात आपण होऊन शिरतात, आणि होडीतले लोक दिवसातून काही वेळा येऊन ते हाताने उचलतात. एका जागी बांधलेले म्हणून मला आपल्या डोलीच्या जाळ्याची आठवण झाली. आणि या जाळ्याचा मोठा भाग कशाचा, तर नारळाच्या काथ्याचा! त्या देशात नारळ होत नाही. काथ्या बाहेरून आणतात आणि दर वर्षी हिवाळ्यात नवे जाळे हाताने विणतात. काथ्यावर शेवाळ धरते, त्याला मासा भुलतो. हंगाम संपला की काथ्याचे जाळे समुद्रातच सोडून देतात. ते कुजून जाते, नायलॉनसारखे वर्षानुवर्षे राहत नाही. आपण नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतो. ते दर्याला नारळाचे जाळे वाहतात, असे म्हणायला हरकत नाही.

तिथे जूनमध्ये मासेमारीचा हंगाम भरात. आपल्याकडे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंदी, होड्या ओढून शाकारलेल्या. त्याच सुमारास इकडे अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ उठले होते, ते तुम्हाला आठवत असेल. मी तिकडे आरशासारख्या पाण्यापाशी बसलेली, आणि रात्री फोनवर हे सांगताहेत, की लाटा बांधावरून येताहेत, माडाच्या झावळ्या पडल्या, वीज नाही. तीन रात्री मला झोप लागली नाही. घरमालकीण बाई दार ठोठावून विचारायच्या, "काही कळले का?" वाट पाहणे हे त्यांना शिकवायला नको होते. पुढे १५ जूनला वादळ गुजरातेकडे जाऊन धडकले आणि आपला किनारा वाचला. त्या दिवशी बाईंनी मला गावावरच्या बोस्केत्तोच्या देवळात नेले. तिथल्या ओवऱ्यांत वादळात सापडलेल्या जहाजांची चित्रे भिंतभर लावलेली आहेत. जी माणसे वाचून घरी आली त्यांनी नवस फेडताना ती वाहिली. प्रत्येक चित्रात काळे आभाळ, कलंडलेले जहाज आणि कोपऱ्यात देवी. धर्म निराळा, पण नवस तोच.

भगिनींनो, आता मी तुम्हाला एका बाईची हकिकत सांगते. माझ्या मते सगळ्या प्रवासात सांगण्यासारखे काही असेल तर हेच.

कामोल्यीहून होडीने अर्ध्या तासावर सान फ्रुत्त्वोसो म्हणून एक खाडी आहे. तिथे मोटारीचा रस्ताच नाही. होडीने जायचे, नाहीतर डोंगर उतरून पायी. एक जुना मठ, चार-दोन घरे, संपले. मठाच्या तळघरात जिनोव्हाच्या दोरिया या मोठ्या सरदार घराण्याच्या समाध्या आहेत, काळ्या-पांढऱ्या दगडाच्या. आणि त्या सरदारांच्या शेजारी एका गरीब मच्छीमार वस्तीतल्या बाईलाही पुरले आहे. तिचे नाव मारिया आवेन्यो.

१८५५ सालची गोष्ट. क्रिमियाचे युद्ध चालू होते. क्रीसस नावाची इंग्रजांची आगबोट जिनोव्हाहून सैन्य घेऊन निघाली आणि २४ एप्रिलला या खाडीसमोर तिला आग लागली. कप्तानाने ती किनाऱ्याकडे वळवली. सैनिक पाण्यात उड्या टाकू लागले. मारिया आणि कातेरीना आवेन्यो या दोघींनी हे पाहिले आणि आपली लहान होडी पाण्यात ढकलली. वल्ही मारीत त्या जळत्या बोटीपाशी गेल्या आणि माणसे होडीत ओढून घेऊ लागल्या. बुडणारा माणूस मिळेल ते धरतो. इतके जण होडीला लटकले, की होडी उलटली. कातेरीना वाचली, मारिया बुडाली. जी माणसे तिने वाचवली ती तिच्या देशाची की परक्या, हे विचारायला तिला सवडच नव्हती. म्हणून तिला सरदारांच्या शेजारी जागा मिळाली.

त्याच खाडीत १९५४ साली समुद्राच्या तळाशी, सुमारे सतरा मीटर खोल, ख्रिस्ताचा काशाचा पुतळा ठेवलेला आहे. दोन्ही हात वर केलेले. गुईदो गाल्लेत्ती या शिल्पकाराने तो घडवला, आणि त्यासाठी सैनिकांची नि खलाशांची पदके, जहाजांचे पंखे, घंटा असे धातू लोकांनी दिले. समुद्रात गेलेल्यांची ती आठवण. पाणी स्वच्छ असूनही होडीतून तो काही मला दिसला नाही. पण मारियाच्या थडग्यापाशी मी उभी राहिले, आणि माझ्याजवळ फूल नव्हते म्हणून नुसता नमस्कार केला.

गावच्या सणांबद्दल दोन शब्द सांगते. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिथे माशांची जत्रा भरते. १९५२ पासूनची ही प्रथा. सुमारे चार मीटर रुंदीच्या अजस्र कढईत मासे तळून हजारो लोकांना वाटतात. मी गेले तेव्हा जत्रा होऊन गेली होती, पण जुन्या कढया गावातल्या भिंतीवर टांगलेल्या पाहिल्या. आपल्या घराएवढी कढई! आदल्या रात्री किनाऱ्यावर होळ्या पेटवतात. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी होड्यांची मिरवणूक निघते आणि रात्री हजारो दिवे पाण्यावर सोडतात. त्याचे छायाचित्र बाईंनी मला दाखवले. आपले दीपदानच म्हणा.

आणखी एक गोष्ट आपल्या मंडळाच्या उपयोगाची आहे. १८५३ साली या गावच्या जहाजमालकांनी आपसात विम्याची मंडळी काढली. प्रत्येकाने भर घालायची, आणि एकाचे जहाज बुडाले तर नुकसान सगळ्यांनी वाटून घ्यायचे. आपण दर महिन्याला भिशी लावतो आणि अडलेल्या बाईला आधी उचल देतो, त्याचेच हे मोठे रूप. एवढेसे गाव शेकडो जहाजे बाळगू शकले ते या भरवशावर.

परत आल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न केला, "कसं आहे बंदर?" मी त्यांना दीपस्तंभाचा फोटो दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून पाहिला. मग मी त्यांना कामोल्यीच्या बाईंबद्दल सांगितले, मुलाच्या दाताबद्दल आणि पत्राबद्दल. त्या म्हणाल्या, "म्हणजे तिकडेही असंच होतं तर." आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण ती बाई आता रोज समुद्रावर जाऊन बसते म्हणतेस?" हो म्हटले, रोज बसते. त्या गप्प राहिल्या. आमच्या घरापासून जेटी दहा मिनिटांवर आहे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात, मासळी आणायला सोडून, सासूबाई तिथे नुसत्या म्हणून कधी गेलेल्या नव्हत्या.

भगिनींनो, माझे सांगणे एवढेच आहे. आपण समजतो, की सगळी कामे उरकली म्हणजे जो वेळ उरेल ती विश्रांती. पण बाईची कामे कधी उरकत नाहीत, म्हणून तो वेळ कधी उरत नाही. कामोल्यीच्या बायकांनी आपल्याइतकेच कष्ट काढले आहेत. गाव त्यांच्या जिवावर उभे राहिले. पण तिथे थांबण्याची वेळ ठरलेली आहे, जशी कामाची ठरलेली आहे. साडेबारा वाजले की दार बंद. ती वेळ कोणी कोणाकडे मागून घेत नाही आणि कोणी कोणाला उपकार म्हणून देत नाही. तिथे सगळेच सुखात आहेत असे मी म्हणत नाही. उन्हाळ्यात रविवारी गर्दी उसळते, महागाई आहे, तरुण मुले शहरात जातात. पण ही एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे, आणि तिला पैसा लागत नाही.

म्हणून मी मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्या मंडळात शिवणवर्ग आहे, पापडांचा उद्योग आहे, हळदीकुंकू आहे, व्याख्याने आहेत. त्यात आठवड्यातून एक दुपार अशी असावी, की त्या दिवशी काहीही नसावे. गुरुवारी चार ते सहा आपण सगळ्यांनी जेटीवर जमावे. येताना निवडायची भाजी आणू नये, विणकाम आणू नये. ज्यांच्या घरी सासू आहे त्यांनी तिला हाताला धरून आणावे. ज्यांच्या घरी सून आहे त्यांनी तिला पुढे घालून आणावे. कोणाचे दुखणे-खुपणे असेल, कोणाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिच्या घरचा पहिल्या सहा आठवड्यांचा डबा पाळीपाळीने आपण सगळ्यांनी मिळून पोचवावा. चाळीस सभासद आहोत. एका घराच्या वाट्याला आठवड्यातून एक दिवससुद्धा येणार नाही. जहाजवाल्यांनी बुडालेले जहाज वाटून घेतले, आपण एका बाईचे दुखणे वाटून घ्यायला काय हरकत आहे?

अध्यक्षबाईंनी या सूचनेचा विचार करावा अशी माझी त्यांना विनंती आहे. आमच्या सासूबाई आज समोर बसल्या आहेत. गुरुवारी आपण येणार, असे त्यांनी मला सांगून ठेवले आहे. तेव्हा निदान दोघी तरी जमतील.